टाचांचं रंगकाम

आमच्याकडे फार थंडी पडते, असं कुणी गंभीर चेहऱ्यानं सांगायला लागलं की मला त्याची कीव येते. पेणला थंडी! मार्गशीर्षात दोन-चार दिवस पहाटे तोंडातून वाफ निघते आणि त्याच दिवशी दुपारी पंखा लावावा लागतो. एवढ्याशा भांडवलावर लोक कानटोप्या घालून एसटी स्टँडवर उभे राहतात आणि एकमेकांना सांगतात, "काय गारठा सुटलाय हो!" खऱ्या थंडीच्या मुलखातला माणूस हे ऐकून हसून मरेल.

पण कातडीला हे कोण सांगणार? माणसाच्या अंगावरची सगळ्यात मूर्ख वस्तू म्हणजे कातडी. वारा जरा कोरडा झाला की ही बया लगेच विश्वास ठेवते. ओठ फुटतात, नाकपुड्या सोलतात, पोटऱ्यांवर नखानं नाव लिहिता येतं. आणि मग सुरू होतो लाडांचा सोहळा. आमच्या न्हाणीघरात सुनेनं एक फळी ठोकून घेतली आहे. सकाळी लावायचं वेगळं, झोपताना लावायचं वेगळं, कोपराचं वेगळं, डोळ्यांखालचं वेगळं. टाचांसाठीच्या ट्यूबवर एका बाईचा पाय छापलेला आहे. तो पाय जमिनीला कधी लागलेला नाही, हे आंधळ्यालाही कळेल. परवा रोह्याला धाटावच्या बसची वाट बघत दोन तगडे गडी उभे होते. एकानं खिशातून काडेपेटीएवढी कांडी काढली. मला वाटलं तंबाखू. तर त्यानं ती ओठांवरून फिरवली, ओठ एकमेकांवर घासले आणि दुसऱ्याला दिली. त्यानंही फिरवली. मी मान वळवून कुंडलिका नदीकडे बघत राहिलो.

सून म्हणते, "बाबा, तुम्ही पण लावा ना टाचांना थोडं. चादरी फाटतात."

मी तिला सांगतो, बाई गं, टाचांची निगा राखण्यात ह्या अख्ख्या जिल्ह्यात माझा हात कुणी धरणार नाही. मी जे केलंय ते तुझ्या ट्यूबवाल्या बाईच्या स्वप्नातही आलं नसेल. मग ती हसते, कारण ती गोष्ट तिला सासूकडून कळलेली आहे. सासूकडची गोष्ट माझ्याकडच्या गोष्टीपेक्षा बरीच वाईट आहे. म्हणून माझी सांगतो.

आमचं घर मिठागरवाल्यांचं. पेणहून खाडीकडे सायकल मारली की बांधाच्या टोकाला आमचं गाव. पाऊस संपला, खाजणातलं पाणी ओसरलं की मिठाच्या वाफ्यांचे तळ पायांनी तुडवून टणक करायचे असतात. तळ पक्का झाला नाही तर मिठात चिखल येतो आणि वर्ष वाया जातं. तुडवायचं म्हणजे गुडघ्याएवढं काही नाही, घोट्याएवढाच खारा चिखल, पण अनवाणी, सकाळच्या गारठ्यात, गोल गोल, घाण्याला बांधलेल्या बैलासारखं. खारं पाणी टाचेत शिरतं, वरून कोरडा वारा लागतो आणि टाच भाकरीच्या काठासारखी उकलते. पहिल्या आठवड्यात रेषा दिसतात. नंतर त्या रेषांत चार आण्याचं नाणं उभं राहील.

मी तेव्हा धाटावच्या एका कंपनीत लागलो होतो. पिंपं भरायची, झाकणं लावायची, ढकलायची. पण गावात मी 'कंपनीवाला' होतो आणि मला ते फार आवडायचं. कंपनीचे गमबूट मी मुद्दाम घरी आणून ओट्यावर ठेवायचो, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावेत म्हणून. इतका उथळ माणूस मी नंतर फक्त आरशात पाहिला.

त्या हिवाळ्यात माझं लग्न ठरलं. मुलगी रोह्याच्या पुढची, कोलाडच्या बाजूच्या एका गावातली. भात आणि वालाची शेती करणारं घर. बघण्याचा कार्यक्रम झाला, पोहे झाले, मुलीनं एकदाच वर बघितलं आणि मी लगेच संपूर्ण जन्म तिच्या नावावर लिहून दिला. तिलाही मी चालणार होतो म्हणे. अडचण होती तिच्या बापाची.

तो गृहस्थ पोह्यांची बशी बाजूला ठेवून म्हणाला, "आगरात पोरगी द्यायची नाय, असं मी ठरवलंय. माझी बहीण दिली होती खाडीवर. दर हिवाळ्यात माहेरी यायची ती पायाला चिंध्या बांधून. चिंध्यांतून रगत यायचं. आमची आई तिच्या टाचा मांडीवर घेऊन बसायची. मी बघितलंय ते."

त्याची ती बहीण, म्हणजे मुलीची आत्या, दारातच बसली होती. विधवा झाल्यावर ती कायमची भावाकडे आली होती. तिनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

इथं माझे वडील, मजूर कमी पडले की घरच्यांनाच तुडवावं लागतं, हे खरं सांगायला तोंड उघडत होते. पण मामा मध्ये पडला. आमचा मामा म्हणजे गप्पांचं गोदाम. तो म्हणाला, "अवो, ते जुन्या काळचं झालं. आता आगर मजुरांवर चालतो. आमच्या भाच्याचा पाय खाऱ्या पाण्यात पडत नाय. कंपनीचा मानूस हाय तो. बूट घालून असतो दिवसभर."

मी गमबुटांची आठवण येऊन मान डोलावली.

मुलीचा बाप म्हणाला, "ज्या घरात पोराचे पाय फुटतात त्या घरात सुनेचे फुटणारच. बरं. सीमांतपूजनाला नवऱ्याचे पाय मीच धुनार हाय. तेवा बघंन. भेगा दिसल्या तर तितनंच परत जायचं. वरात घेऊन आलात तरी."

"बघा की!" मामा छाती पुढे काढून म्हणाला. "धुवून धुवून बघा."

लग्नाची तिथी निघाली माघात. आणि मार्गशीर्ष संपता संपता आमच्या आगरातले मजूर पळाले. धाटावला नव्या कंपन्यांची बांधकामं निघाली होती, तिथं सिमेंट कालवायला गेले. खारं पाणी सोडून सिमेंटात हात घालायला जाणारे लोक शहाणे की मूर्ख, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. वडिलांचा गुडघा त्या साली सुजलेला. वाफे तर तुडवायलाच हवेत. मग कोण तुडवणार? कंपनीवाला.

पहिल्या शिफ्टला असलो की संध्याकाळी, दुसऱ्या शिफ्टला असलो की सकाळी, मी चिखलात. तिथून पाय कसेबसे धुवून गमबुटात. बुटात घाम, घामात मीठ. महिन्याभरात माझ्या टाचा अशा झाल्या की आई म्हणाली, "ह्या टाचांवर खवणीवानी नारळ खवता येईल रे."

आईनं मुठेल काढलं. मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. ते थिजतं, मुठीत दाबून त्याचे पांढरे गोळे करतात. आई दिव्यावर गोळा पातळ करून माझ्या टाचांना चोळायची आणि सांगायची, "आता चार दिस पानी लावू नको." आणि सकाळी मी पुन्हा घोट्यापर्यंत पाण्यात. त्या बिचाऱ्या मुठेलानं काय करावं? शिवाय मला त्याचा वास आवडायचा नाही. कंपनीवाल्या माणसाच्या अंगाला कोकमाच्या बियांचा वास येणं बरं दिसत नाही, असं माझं मत होतं. पिंपांतल्या औषधाचा वास मात्र चालत होता.

मग मी सुधारलेला उपाय करायचं ठरवलं आणि रोह्याच्या बाजारात कोल्ड क्रीम मागितलं. दुकानदारानं डबी पुढे ठेवली. मी विचारलं, "एवढ्यानं दोन्ही होतील?"

"दोन्ही काय?"

"टाचा."

त्यानं डबी परत मागे ओढली. "हे तोंडाला लावायचं असतं."

"तोंड ठीक आहे माझं."

"कोणी सांगितलं?" तो म्हणाला.

मागं उभ्या असलेल्या दोन बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी डबी घेतली, वर ऐटीत म्हणालो, "आमच्याकडे बायकांना लागतं," आणि बाहेर पडलो. ती डबी तीन वेळात संपली. टाचांना त्यातलं काही कळलं नाही. भेगांच्या तळाशी थोडासा गुलाबाचा वास राहिला, एवढंच.

त्यानंतर कंपनीतल्या एका सोबत्यानं मेणबत्तीचा उपाय सांगितला. पेटती मेणबत्ती तिरपी धरायची आणि मेण थेट भेगेत सोडायचं. हा माणूस यंत्राच्या भेगा बुजवणारा, त्याला पाय आणि पाईप यांत फरक दिसत नव्हता. कपडे बदलायच्या खोलीत मी बाकावर पालथा झोपलो आणि त्यानं मेण सोडलं. मी जी किंकाळी मारली ती ऐकून सुपरवायझर धावत आला. त्याला वाटलं, ॲसिड सांडलं. त्याला बघून मी ताडकन उभा राहिलो, मेण लावलेल्या टाचा फरशीवरून घसरल्या आणि मी थेट त्याच्या पायाशी दंडवत घातलं. "उठ, उठ," तो म्हणाला, "सुट्टी हवी असली तर तोंडानं सांगायचं."

लग्न आठवड्यावर आलं. भेगा होत्या तशाच. मामा रोज येऊन टाचा बघायचा आणि जीभ चावायचा. बढाई त्याची होती, पण परत जाणारी वरात माझी असणार होती. एक दिवस सगळं सरळ सांगून टाकावं असंही मनात आलं होतं. पण त्या मुलीनं एकदाच वर बघितलं होतं ना, ते आठवलं की हिंमत जायची.

अशा वेळी माणसाला मित्र आठवतात. हीच माणसाची शोकांतिका आहे.

पेणमध्ये माझा एक वर्गमित्र गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवायचा. माघी गणपतींचा हंगाम होता, त्यामुळं कारखाना भरलेला. मी माझं दुःख सांगितलं. त्यानं माझा पाय उचलून दिव्याखाली धरला, उलटसुलट केला आणि तुच्छतेनं म्हणाला, "ह्याच्यासाठी रडतोस? ही बघ." त्यानं एक मूर्ती पुढे ओढली. सोंडेपासून पोटापर्यंत चीर गेलेली. "वाळताना गेली. उद्या ये आणि शोधून दाखव."

मी खरंच दुसऱ्या दिवशी गेलो. चीर सापडली नाही. बाप्पाचं पोट असं गुळगुळीत, की हात फिरवत राहावा.

"काय घातलंस?"

"खडूची पूड आणि सरस. वरून पॉलिश पेपर. मग अंगाचा रंग."

"माझ्या पायावर बसेल?"

"तुझा पाय काय देवापेक्षा मोठा लागून गेला?"

"आणि टिकेल?"

तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "विसर्जनापर्यंत गॅरंटी."

आता इथं, ज्या कुणाच्या डोक्यात मेंदू नावाची वस्तू आहे, त्यानं थांबायला हवं होतं. आमच्या पेणच्या रंगाचा सगळा थाट पाण्यात शिरेपर्यंतचा. तो पाण्यात विरघळावा म्हणूनच बनवलेला असतो. हे पेणच्या शेंबड्या पोराला माहीत आहे. आणि माझे पाय तर धुण्यासाठीच पुढे करायचे होते! पण आम्ही दोघंही पेणचेच. आयुष्यभर आमच्या डोळ्यांसमोर बिघडलेली प्रत्येक गोष्ट ह्याच डब्यातून दुरुस्त झालेली. पाणी ही गोष्ट आम्हाला भाद्रपदात आठवते. माघात कोण आठवतो? आम्ही दोघंही खूश होऊन चहा प्यायलो.

लग्नाच्या दिवशी पहाटे वऱ्हाडाची गाडी पेणमध्ये कारखान्यासमोर थांबवली. मामानं सगळ्यांना सांगितलं, "नवऱ्याला गणपतीच्या पाया पडायचंय." बायकांनी कौतुकानं माना हलवल्या. किती देवभक्त मुलगा! आत देवभक्त मुलगा मूर्तींच्या रांगेत पाटावर बसला होता आणि कारागीर त्याच्या टाचांत सरसाची लापशी भरत होता. मूर्ती वाळवायला लावतात त्या मोठ्या दिव्यासमोर मी दोन्ही पाय धरले. एका बाजूला माघी गणपती, दुसऱ्या बाजूला मी, दोघंही वाळत होतो. मग पॉलिश पेपर. गुदगुल्या इतक्या झाल्या की मी पाटावरून दोनदा पडलो.

"हलू नको रे! देव कधी हलत नाही," तो खेकसला.

मग रंग. त्याचा हात हंगामात बसलेला. टाचा रंगवून तो थांबला नाही, घोट्यापर्यंत गेला. गुलाबी, मऊ, लोण्यासारखा रंग. सवयीनं बोटांना जरा लालसर झाक दिली, नखांवर पांढऱ्या चंद्रकोरी काढल्या. वर माझी काळी कुळकुळीत पोटरी आणि खाली देवाचे पाय. तो मागे सरून, डोळे बारीक करून बघत म्हणाला, "दागिने काढू का थोडे? पैंजण?"

"नको."

"सोनेरी रंग उरलाय."

"नको म्हटलं ना!"

नवे पांढरे मोजे चढवून मी गाडीत बसलो. नागोठणं गेलं, कोलाड आलं, गार वारा लागत होता आणि मी पाय हवेत धरून बसलो होतो. "थंडी वाजते का नवरदेवाला?" कुणीतरी विचारलं. मामानं उत्तर दिलं, "कंपनीत सवय नाय ना थंडीची." मामाची खोटं बोलण्याची ताकद बघून मला त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याबद्दल आदर वाटला. दुपारपर्यंत तो गेला.

मांडवाच्या वेशीवर सीमांतपूजनाला पाट मांडला. समोर पितळेची परात. मुलीची आई तांब्या घेऊन उभी, बाप खांद्यावर पंचा टाकून समोर बसलेला, त्याच्यामागे ती आत्या. मी मोजे काढले.

मांडवातले लोक माना उंचावून पुढे सरकले. वालाच्या शेतातून आलेली माणसं ती. असे पाय त्यांनी फक्त मखरात पाहिले होते. एक म्हातारी पुढे वाकून म्हणाली, "गो बाय, पाय हायत का लोनी!"

"कंपनीचे पाय!" मामा गरजला. "बघा, बघा. धुवून बघा."

मुलीच्या बापानं माझा उजवा पाय परातीत घेतला. बराच वेळ टाच बघितली. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा बरं वाटल्यासारखं काहीतरी आलं. त्यानं बायकोला खूण केली. तिनं तांब्यातलं कोमट पाणी सोडलं. थंडीचे दिवस म्हणून त्या माउलीनं मुद्दाम पाणी तापवलं होतं.

पहिल्या धारेला काही झालं नाही. दुसऱ्या धारेला परातीत गुलाबी रेघ उतरली. बापानं अंगठ्यानं टाच चोळली आणि त्याच्या अंगठ्याला माझी टाच लागली. म्हणजे तिच्यावरचा रंग. मग सरस सुटला. भेगांतून पांढऱ्या वळकट्या निघून परातीत पडायला लागल्या, शेवयांसारख्या. पाणी आधी गुलाबी, मग दुधी, मग गढूळ. आणि त्या गढूळ पाण्यातून हळूहळू, एकेक भेग उघडत, माझी खरी टाच वर आली. काळी, उकललेली, खाऱ्या पाण्यानं खाल्लेली.

सनईवाला थांबला. त्याला काय दिसलं असेल कुणास ठाऊक.

मुलीचा बाप परातीकडे बघत म्हणाला, "जावईबापू, गनपती तुमी बसवलात आनि विसर्जन आमच्या हातनं?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. तो हसत नव्हता. तो उठला, पंचा झटकला आणि मामाकडे वळला. "मी सांगितलं होतं. वरात घेऊन आलात तरी परत जायचं."

मामाच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा शब्द फुटला नाही. माझ्या वडिलांनी हात जोडले. मी पाटावर बसलेलोच, एक पाय परातीत, एक पाय हवेत. पळून जायचं म्हटलं तरी कुठल्या पायानं जाणार? मांडवाच्या आत कुठंतरी ती मुलगी मुंडावळ्या बांधून बसली होती आणि बाहेरच्या शांततेवरून तिला सगळं कळत असणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तेवढ्यात ती आत्या पुढे आली. वाकून तिनं माझा परातीतला पाय उचलला, भेगेत नख घातलं, आतला सरस काढून टाकला आणि बोट भेगेवरून फिरवलं. मी ओय ओय केलं. तिनं लक्ष दिलं नाही.

"दादा," ती म्हणाली, "ह्यो तुडवतो."

"दिसतंय मला."

"तुला काय दिसतंय? आमचे धनी होते त्यांचे पाय बघितलेस कधी? असे होते. असे!" तिनं माझ्या न धुतलेल्या, गुलाबी डाव्या पायाकडे बोट दाखवलं. "लोन्यावानी. बांधावर बसून बिड्या ओढायचे. तुडवायची मी. ज्या घरात पुरुषाच्या टाचा गुळगुळीत ना, तितं बायकोच्या फुटतात. तू उलटं बघत बसलास."

मग आत्यानं मला विचारलं, "कोन तुडवतं रे तुमच्याकडं?"

"मी," मी म्हणालो. "मजूर पळाले. बापाचा गुडघा सुजलाय."

"आनि कंपनी?"

"ते पण. शिफ्ट सोडून."

"आनि पोरगी आली की?"

"मीच."

"मोठ्यानं बोल. मांडवाला ऐकू दे. सवय कशी हाय ना, पुरुष हळूच बोलतात आनि मग विसरतात."

"मीच तुडवणार!" मी ओरडलो. इतक्या मोठ्यानं ओरडलो की सनईवाल्याला वाटलं खूण झाली, त्यानं पुन्हा सुरुवात केली.

आत्या भावाकडे वळली. "आता तू ठरव. पन रंगवलेला हाय म्हनून परत पाठवू नको. रंग मूर्खपनाचा हाय. पाय चांगला हाय."

बाप उभाच होता. तो आपल्या बहिणीच्या पायांकडे बघत होता. आज तिनं ते लुगड्याखाली ओढले नव्हते. मग तो खाली बसला आणि म्हणाला, "पानी आना परत. आत्तापर्यंत मी पाय नाय धुतला, भिंत धुतली."

पण त्याचा राग गेला होता असं कुणी समजू नये. तो त्यानं हातात घेतला. कुणाला तरी सांगून नारळाचं सोडण मागवलं, ज्यानं घरात तपेली घासतात ते. आणि तपेली घासावी तसा माझा उजवा पाय घासायला सुरुवात केली. भेगांत, बोटांच्या बेचक्यांत, घोट्याभोवती. मी डोळे मिटून बसलो. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ती म्हातारी शेजारणीला म्हणाली, "किती हळवा हाय गो. सासऱ्यानं पायाला हात लावला तर रडतो." मामा लगेच म्हणाला, "लहानपणापासून तसाच हाय." त्याचं तोंड परत आलं होतं.

उजवा पाय झाला. डावा परातीत ठेवतोय तोच भटजी धावत आले. "मुहूर्त टळतोय, मुहूर्त! पाय किती वेळ धुताय? शेत नांगरताय का?" सासऱ्यानं सोडण टाकलं, मला दंडाला धरून उठवलं आणि तसंच मांडवात नेऊन उभं केलं. अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. पायाखाली तांदूळ टोचत होते. उजव्या टाचेची आग होत होती, डावी सरसामुळं ताठ झाली होती.

सावधान झालं. अंतरपाट बाजूला झाला. अक्षता पडल्या. अशा वेळी नवरी वर बघत नाही, खाली बघते, ही रीत. तिनं रीत पाळली. तिनं खाली बघितलं, बराच वेळ बघितलं. एक पाय काळा, सोललेला, भेगाळलेला. एक पाय गुलाबी, नखांवर पांढऱ्या चंद्रकोरी.

हार हातात धरून ती हळूच म्हणाली, "हा डावा कुनाचा?"

"कारखान्याचा," मी म्हणालो.

"देऊन या परत," ती म्हणाली आणि मग माझ्या गळ्यात हार घातला.